गुन्हा पुसला गेला, नातं कागदावर आलं नाही

समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचा विषय निघाला की चर्चा थेट लग्नापाशी जाते. भारतात मात्र ही न्यायालयीन लढाई सुरू झाली ती निरोधावरून. तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यायला प्रशासनाने नकार दिला, आणि १९९४ मध्ये एड्सग्रस्तांविषयीच्या भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या एका संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ लाच, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमालाच, आव्हान दिलं. ती याचिका २००१ मध्ये फेटाळली गेली. त्याच वर्षी एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेने नवी याचिका केली.

हे कलम मेकॉलेच्या मसुद्यातून भारतीय दंड संहितेत आलं आणि १८६२ पासून लागू झालं. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा. शिक्षा क्वचितच होई. कलमाचा खरा उपयोग धाक घालायला, पैसे उकळायला होत असे. एचआयव्हीचं काम करणाऱ्यांनाही त्याचीच अडचण होती, कारण ज्यांच्यापर्यंत पोचायचं ते पोलिसांच्या भीतीने समोरच येत नसत. इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा बदलला, आपण त्यांनी दिलेला जपून ठेवला.

महाराष्ट्रात या विषयावर बोलणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही उत्तरं देत. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, पण मासिक चालूच राहिलं. पुढे मुंबईत १९९० च्या दशकात अशोक राव कवी आणि हमसफर ट्रस्ट यांनी संघटित काम उभं केलं.

२ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांच्या दिल्ली उच्च न्यायालयातल्या खंडपीठाने नाझच्या याचिकेवर प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरतं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. साडेचार वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्यांनी मधल्या काळात घरी, कचेरीत उघडपणे सांगून टाकलं होतं, ते कायद्याच्या नजरेत पुन्हा गुन्हेगार झाले. मिळालेला हक्क परतही घेतला जातो, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसलं असेल.

त्यानंतरची पावलं भराभर पडली. २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता, २०१७ मध्ये खासगीपणाचा मूलभूत हक्क, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा एकमताचा निकाल. संसद या सगळ्यात जवळजवळ गप्पच होती. २०१५ मध्ये शशी थरूर यांचं कलम ३७७ बदलण्याचं खासगी विधेयक लोकसभेने मांडूच दिलं नाही. २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी समलिंगी लग्नाला मान्यता मिळावी म्हणून विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं विधेयक मांडलं, तेही खासगीच.

गुन्हा नाही म्हणजे नातं मान्य, असा अर्थ मात्र निघत नव्हता. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालय बदलू शकत नाही. यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. लग्नाऐवजी नात्याला दुसरी कायदेशीर मान्यता देण्याचा सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचा आग्रह तीन विरुद्ध दोन असा पडला. एक समिती नेमण्याचं आश्वासन केंद्राने दिलं होतं, तेवढं हाती आलं. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

तेव्हापासून भांडण कागदपत्रांवर आलं आहे, आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात तेच जास्त महत्त्वाचं आहे. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानावं, आणि संयुक्त बँक खातं उघडायला, जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. पण मृत्युपत्र नसेल तर वारसा नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका जोडप्याने आयकर कायद्यालाच आव्हान दिलं. नवरा-बायकोने एकमेकांना काहीही दिलं तरी कर नाही. या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला वर्षात पन्नास हजारांहून जास्त दिले, तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं, कारण कायद्याच्या लेखी ते एकमेकांचे नातेवाईक नाहीत.