केळीचा ट्रक आणि पत्त्यांचे चार रंग

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईकडे अमळनेरला गेलो होतो. दुपारी बारा ते चार घराबाहेर पाय टाकायची सोय नाही. मधल्या खोलीत मोठ्यांचा पत्त्यांचा डाव, कूलरसमोर भाच्याचा लॅपटॉप. त्याने स्वतः गेम बनवला होता. रावेरहून केळीचा ट्रक सावदा, फैजपूर करत भुसावळला न्यायचा. वाटेतला घड उचलला की 10 गुण, लवकर पोचलं की बोनस.

धाकट्या भाचीने भुसावळचं नावच काढलं नाही. सावद्याच्या चौकात उचललेले घड थोड्या वेळाने पुन्हा उगवतात, हे तिने हेरलं. तिथेच गोल गोल फिरून तिने भावाच्या दुप्पट गुण केले. "मामा, ही चीटिंग आहे!" भाचा तणतणला. आतून आजी म्हणाली, "तिले मजा ई राहिनी ना, मंग खेयू दे."

चीटिंग नव्हतीच ती. गुण म्हणजे खेळाने ठरवलेली मजुरी. जिथे मजुरी जास्त, तिथे माणूस राबणार. अटारी या गेम कंपनीच्या 1979 सालच्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये मोठा दगड फोडला तर 20 गुण, मधला 50, बारीक 100. आणि छोटी उडती तबकडी पाडली तर थेट 1000. मग पट्टीचे खेळाडू एखादा दगड मुद्दाम शिल्लक ठेवून तबकड्यांची वाट बघत बसू लागले. खेळ दगड फोडायचा, फायदा न फोडण्यात! 2016 मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी 'कोस्टरनर्स' हा बोटींच्या शर्यतीचा गेम एका संगणकीय प्रोग्रामला शिकायला दिला. त्यात गुण वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे होते. प्रोग्रामने एक कोपरा धरला आणि तिथेच चकरा मारल्या. बोट इतरांवर आपटली, पेटली, शर्यत काही पुरी झाली नाही. तरी गुण माणसांपेक्षा सरासरी 20 टक्के जास्त. भाचीचं घराणं तेच.

घड उगवणंच बंद करतो, असं भाचा म्हणाला. मी त्याला थांबवलं, कारण मग खेळ फक्त त्याच्यासारख्यांचा उरला असता.

रिचर्ड बार्टल हा ब्रिटिश गेम डिझायनर. अनेकांनी मिळून खेळायचे, निव्वळ मजकुरावर चालणारे गेम त्याने वर्षानुवर्षं पाहिले आणि 1996 मध्ये खेळाडूंना पत्त्यांचे रंग वाटून दिले. चौकट म्हणजे गुण आणि बक्षिसं गोळा करणारे. इस्पिक म्हणजे कोपरे धुंडाळणारे. बदामवाले माणसांसाठी येतात, गप्पा हाच त्यांचा खेळ. किलवरला दुसऱ्याला हरवल्याशिवाय चैन पडत नाही. हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, आणि एकच माणूस सकाळी इस्पिक, संध्याकाळी किलवर असू शकतो. तरी मधल्या खोलीत डोकावलं तर चारही रंग दिसत होते.

या सगळ्यांना एकाच बेरजेत कोंबलं की एकाची मजा दुसऱ्याला महाग पडते. एक तोड म्हणजे जोखमीला भाव देणं. निन्टेन्डोच्या जुन्या 'टेट्रिस'मध्ये वरून पडणारे ठोकळे रचून आडव्या ओळी भरायच्या, भरलेली ओळ निघून जाते. सुरुवातीच्या पातळीवर एक ओळ काढली की 40 गुण मिळतात. चार ओळी सुट्या सुट्या काढल्या तर 160, एकदम काढल्या तर 1200. सावध गडी टिकून राहतो, धाडसी उंच थर रचून चार ओळी एकदम काढणाऱ्या लांब काडीसारख्या ठोकळ्याची वाट बघतो, आणि दोघांचाही खेळ खराच. कॅरमचे अधिकृत नियम याच्या उलट टोकाला सावध आहेत: राणी घेऊन बोर्ड जिंकणाऱ्याला तिचे 3 गुण मिळतात, पण त्याचा स्कोअर 22 वर पोचला की ते बंद. म्हणजे 22 नंतर 25 चा गेम राणीच्या जोरावर संपवता येत नाही.

मला मात्र वेगळ्या वह्या जास्त पटतात. पोचण्याची वेळ एका वहीत, घड दुसरीत, सापडलेल्या जागा तिसरीत. बेरीज करायचीच नाही.

भाच्याने रात्री बसून तसं केलं. शिवाय बामणोदजवळ कुठेतरी भरताची वांगी लपवली आणि कुणालाच सांगितलं नाही. ती सापडायला भाचीला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात तिने एकही घड उचलला नाही.