नाताळच्या गोठ्यातले तीन राजे त्या रात्री तिथे नव्हते

मुंबईत वांद्र्यापासून गोराईपर्यंत ख्रिस्ती लोक नाताळात घरोघरी गोठा मांडतात. गवत, गव्हाणी, बाळ येशू, एका बाजूला मेंढपाळ आणि दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेले तीन राजे. त्यामुळे जन्माच्या रात्रीच तीन राजे भेटीला आले, असा समज पक्का झाला आहे. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, तसं नाही.

शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्यांना राजे म्हणतच नाही. ते पूर्वेकडचे मागी, म्हणजे तारे पाहणारे ज्ञानी लोक. ते तीन होते असंही तो सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून आकडा आला. ते आले तेही गोठ्यात नव्हे, घरात, आणि जन्मानंतर काही काळाने. म्हणून त्यांचा सण वेगळा, ६ जानेवारीला. गोराईचं होली मॅजाय (म्हणजे पवित्र मागी) चर्च त्यांच्याच नावाचं.

मग त्या रात्री कोण आलं? दुसरं शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, मेंढपाळ. रानात कळप राखत जागणारी साधी माणसं. जन्माची बातमी पहिल्यांदा हेरोद राजाच्या महालात नाही, त्यांच्याकडे गेली, आणि ओळखायची खूण काय, तर बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेलं बाळ! देव माणूस झाला आणि रिकाम्या हातांच्या माणसांना आधी भेटला, ही ख्रिस्ती श्रद्धा इथे उभी आहे. भेटवस्तूंच्या गडबडीत नेमकं हेच मागे पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

राजांचे पुतळे काढून टाकायची गरज नाही. काही घरांत ते आधी दूर ठेवतात आणि ६ जानेवारीपर्यंत थोडेथोडे पुढे सरकवतात. मुलांना दोन्ही गोष्टी नीट कळतात.