शेळ्यांतील जंतांवरील वनस्पतिज औषधे

शेळीच्या पचनमार्गातील कृमी मारण्यासाठी वा पाडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बिया, फळे, साली, पाने व त्यांचे अर्क. वावडिंग, पळसबी, कडुनिंब, कपिला (शेंदरी), सीताफळाच्या बिया व डाळिंबाच्या मुळांची साल ही यांतील नेहमीची नावे.

शेळीला सर्वाधिक हानी पोहोचवणारा हीमॉन्कस कंटॉर्टस हा कृमी खरे तर आतड्यात नव्हे, चौथ्या जठरात असतो. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलि. रक्त शोषतो. पापणीची आतली बाजू पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी उतरते. पावसाळ्यात ओल्या गवतावर चढलेल्या अळ्या चरताना पोटात जातात.

या उपचाराचे मूळ वादग्रस्त आहे. चरकसंहितेत कृमिघ्न द्रव्यांत विडंग (वावडिंग) श्रेष्ठ मानले आहे. या संहितेचे थर वेगवेगळ्या काळांतले असून तिचा गाभा साधारणपणे इसवी सनाच्या आरंभीच्या आगेमागे ठेवला जातो. मात्र तेथील रोगी माणूस आहे. प्राचीन पशुवैद्यकाचा भर घोडा, हत्ती व गाय यांवर होता. बृहत्संहितेत (सहावे शतक) शेळ्या-बोकडांवर स्वतंत्र अध्याय आहे, पण त्यात शुभाशुभ लक्षणे आहेत, औषध नाही. त्यामुळे ही परंपरा पशुवैद्यकीय ग्रंथांतून नव्हे, तर तान्ह्या मुलाला वावडिंगाचे पाणी देणाऱ्या घरातूनच शेळ्यांपर्यंत आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विडंग कोणते, हाही प्रश्न आहे. प्रमाण ग्रंथांत एंबेलिया राइब्स ही वेल विडंग म्हणून दिली आहे. बाजारात मात्र एंबेलिया चेरियम-कोट्टम या झुडपाची फळे पुष्कळदा वावडिंग म्हणूनच विकली जातात. (हे जातिनाम डच अधिकारी ऱ्हीडे यांच्या सतराव्या शतकातील होर्टुस मलबारिकुस या वनस्पतिग्रंथातल्या मलयाळी नावावरून आले आहे.) दोन्हींत एंबेलिन हे क्विनोन वर्गातील नारिंगी रसायन सापडते, परंतु त्याचे प्रमाण नमुन्यागणिक बदलते. शिवाय एंबेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहॉलमध्ये विरघळते. म्हणजे काढा उकळून गाळून पाजला, तर मुख्य घटक बराचसा चोथ्यातच राहतो. पूड तशीच देण्याची रीत या दृष्टीने अधिक सयुक्तिक ठरते. एंबेलिनचे प्रजननविरोधी परिणाम उंदरांवरील प्रयोगांत दिसले असल्याने गाभण शेळीला वावडिंग देणे टाळावे.

पळसबीतील पॅलॅसोनिन हे रचनेने कँथॅरिडिनचे, म्हणजे फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांतील विषाचे, जवळचे नातलग आहे. फरक एका मिथिल गटाचा. पाकिस्तानात मेंढ्यांवर झालेल्या प्रयोगात बियांची पूड दर किलो वजनास १ ते ३ ग्रॅम दिली असता लेंड्यांतील अंड्यांची संख्या घटली व मोठ्या मात्रेचा परिणाम अधिक दिसला. हा हिशेब ३० किलोच्या शेळीला लावल्यास ९० ग्रॅमपर्यंत पूड लागते. चिमूटभर पळसबीचा गुण सांगितला जातो, त्याच्याशी हे जुळत नाही.

कपिला व डाळिंबाची साल प्रामुख्याने पट्टकृमींसाठी. कडुनिंबाच्या पाल्याचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. बाभळीसारख्या झाडपाल्यातील टॅनिनांमुळे (तुरट द्रव्यांमुळे) अळ्यांना आपली कात टाकणे अवघड जाते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. हा औषधापेक्षा चाऱ्याचा गुण म्हणावा.

रासायनिक औषधांना (बेंझिमिडॅझोल गट, लेव्हामिझोल, आयव्हरमेक्टिन) कृमी दाद देईनासे झाल्याने अलीकडे या वनस्पतींकडे पुन्हा लक्ष गेले. अर्कांची बरीचशी परीक्षा काचपात्रात, अंडी उबण्यावर किंवा कृमींच्या हालचालीवर होते. शेळीच्या कोटीपोटात (पहिल्या जठरात) मात्र अर्क पातळ होतो व तेथील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करू शकतात. म्हणून औषध देण्यापूर्वी व दिल्यानंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजणे हीच विश्वसनीय कसोटी समजली जाते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो, त्यामुळे ती कुटताना काळजी घ्यावी लागते.