संशोधनाच्या सामानाची आयात आणि कस्टम्स (खानदेश)

विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या लॅबसाठी परदेशातून मशीन, पार्ट, केमिकल, अँटिबॉडी, बियाणं, पुस्तकं असं काहीही मागवायचं आणि ते कस्टम्समधून सोडवून आणायचं, या सगळ्या उद्योगाला संशोधन-सामानाची आयात म्हणतात. 'सोडवून' हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे स्टोअरमधली मंडळी ठाण्यातून माणूस सोडवावा तसंच बोलतात. 'सर, माल सुटला का?' असंच विचारतात, आला का असं कोणी विचारत नाही.

कायदा म्हणाल तर १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि दर ठरवणारा १९७५ चा टॅरिफ कायदा. खानदेशात ना समुद्र ना आंतरराष्ट्रीय कार्गो विमानतळ, त्यामुळे विमानाने आलेलं बहुतेक सामान मुंबईला सहारच्या एअर कार्गोत उतरतं, जड मशीन जहाजाने न्हावा शेवाला येतं, आणि मग ट्रक कसारा घाट चढून नाशिकवरून धुळ्याकडे नाहीतर जळगावकडे येतो. जळगाव मुंबईपासून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रस्ता तसा एका रात्रीचाच आहे. वेळ जातो तो त्याच्या आधी, कागदात.

कागद म्हणजे काय काय? संस्थेकडे आयईसी लागतो, हा दहा अक्षरी आयात-निर्यात कोड, आता पॅन नंबरच आयईसी म्हणून चालतो. मग बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँकेचा नंबर) त्या त्या बंदरावर रजिस्टर केलेला लागतो, सहारला केला म्हणून न्हावा शेवाला चालेल असं नाही, हे बऱ्याच जणांना जहाज लागल्यावर कळतं. सप्लायरकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि एअरवे बिल (विमानाने माल पाठवल्याची पावती) येतं, ते घेऊन आपला सीएचए, म्हणजे माल सोडवून देणारा एजंट, कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा अर्ज, भरतो. सीएचएला सरकारी भाषेत आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण फोनवर सगळे सीएचएच म्हणतात. असेसमेंट झालं, ड्युटी भरली, की 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे माल सोडायचा हुकूम, मिळतो, त्यानंतरच पेटी गोडाऊनच्या बाहेर पडते.

आता नावाची गंमत. आपल्या जळगावच्या विद्यापीठाची स्थापना १९९० ची, नाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव जोडलं गेलं. नाव झालं मोठं आणि छान, पण इंग्रजीत टाइप करताना जर्मनीतला किंवा सिंगापूरचा क्लार्क ते कुठेही तोडू शकतो. म्हणून कुठल्याही लांब नावाच्या संस्थेने आयईसीवर जसं आहे तसंच्या तसं नाव ऑर्डरमध्ये लिहून द्यावं आणि 'हेच टाका' असं ठळक बजावावं. इनव्हॉइसवर गाइडचं नाव आणि आयईसीवर संस्थेचं असा घोळ झाला की दुरुस्तीचं पत्र मागवा, त्यात शनिवार-रविवार येणार, तिकडे ख्रिसमस असणार, आणि इकडे डेमरेजचा, म्हणजे माल पडून राहिल्याच्या भाड्याचा, मीटर चालूच. बिल ऑफ एंट्री उशिरा भरलं तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये दंड पडतो, आणि ३० दिवसांत माल उचलला नाही तर नोटीस देऊन तो विकायचा अधिकार कायद्यातच आहे.

ड्युटीचं गणित एकदा हाताने करून बघावं, सगळा ग्रँट त्यावर हलतो. कस्टम्स ज्यावर टक्के लावतं ती किंमत सीआयएफ, म्हणजे वस्तू अधिक भाडं अधिक विमा. विम्याचा आकडा नसेल तर एफओबीच्या, म्हणजे भाडं-विमा सोडून मालाच्या किमतीच्या, १.१२५ टक्के धरतात, आणि विमानाचं भाडं कितीही आलं तरी एफओबीच्या २० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. डॉलरचा रेट पण कस्टम्सचा स्वतःचा जाहीर केलेला असतो, बँकेचा नाही. समजा सीआयएफ १ लाख आणि मूळ ड्युटी १० टक्के. १०,००० ड्युटी, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १,०००, मग १,११,००० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) म्हणजे १९,९८०. एकूण ३०,९८०. संशोधन संस्थांना १९९६ च्या ५१ नंबरच्या नोटिफिकेशनने मूळ ड्युटी ५ टक्के केली, त्यासाठी संस्था डीएसआयआरकडे (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) नोंदलेली पाहिजे आणि संस्थाप्रमुखाचं सर्टिफिकेट पाहिजे की हे सामान फक्त संशोधनासाठीच लागतंय. जीएसटी आल्यावर संशोधन संस्थांना आयजीएसटी पण ५ टक्केच होता, तेव्हा लाखामागे १०,७७५ रुपये जायचे. १८ जुलै २०२२ पासून ती जीएसटीची सवलत गेली आणि तोच आकडा २४,४९० झाला. ज्यांनी प्रपोजल आधी लिहिलं आणि मशीन नंतर मागवलं त्यांच्या बजेटला सरळ भोक पडलं, कारण मंजूर झालेला ग्रँट काही ड्युटीबरोबर वाढत नाही. नोटिफिकेशनचे नंबर बदलत, एकमेकांत मिसळत राहतात, म्हणून ऑर्डर काढायच्या आधी त्या दिवशी काय लागू आहे ते सीएचएला विचारून फाइलला लावावं, जुन्या फाइलची झेरॉक्स मारू नये.

दर कसा अचानक उडू शकतो याचं एक भारी उदाहरण २०२४ चं. २३ जुलैच्या बजेटमध्ये ९८०२ या हेडखालच्या, म्हणजे टॅरिफच्या यादीतल्या कोडखालच्या, लॅब केमिकल्सवरची ड्युटी १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के केली. कारण असं की या नावाखाली लोक शुद्ध इथाइल अल्कोहोल आणत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, देशभरच्या लॅबवाल्यांनी आरडाओरडा केला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला संशोधनासाठी अटी घालून पुन्हा १० टक्के झालं. हेडवरून आठवलं, कोड निवडणं हेही कामच आहे. क्रोमॅटोग्राफ, स्पेक्ट्रोमीटर ९०२७ मध्ये, साधा मायक्रोस्कोप ९०११ मध्ये पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप ९०१२ मध्ये, लॅबचे रीएजंट ३८२२ मध्ये. इनव्हॉइसवर नुसतं 'केमिकल फॉर रिसर्च' लिहिलं तर ऑफिसर विचारणारच, बाबा रे नक्की काय आहे. कॅस नंबर (प्रत्येक केमिकलचा ठरलेला ओळख नंबर) आणि सेफ्टी डेटा शीट आधीच जोडलेली बरी.

कुरिअरने छोटी बाटली मागवणारे वेगळेच फसतात. कुरिअरवाल्याला आधी सांगितलं नाही तर तो पूर्ण ड्युटी भरून मोकळा होतो आणि दारात बिल घेऊन उभा राहतो. सवलतीचं सर्टिफिकेट मग ड्रॉवरमध्येच राहतं.

खानदेशात सगळ्यात नाजूक मामला थंड सामानाचा. एन्झाइम, अँटिबॉडी कोरड्या बर्फात येतात, तो उणे ७८.५ अंशाचा, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. एका लॅबमध्ये पेटी उघडताना मी उभा होतो. थर्माकोलचं झाकण काढलं, धूर यायला पाहिजे तो आलाच नाही, आत हात घातला तर कोमट, आणि तळाला एका झिपलॉक पिशवीत चिमुकल्या ट्यूब पडलेल्या. कोरडा बर्फ पाणी होत नाही, सरळ हवा होतो, त्यामुळे ओलही नव्हती, जणू कोणी बर्फ टाकलाच नव्हता. शुक्रवारी उतरलेली पेटी एका सहीसाठी मंगळवारपर्यंत थांबली होती. लॅबमधल्या पोरीने तरी त्या ट्यूब फ्रीजरमध्ये ठेवल्या, लेबल लावलं, आणि त्यावर तारखेपुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेव्हापासून तिथे असं ठरलंय की थंड माल सोमवारी-मंगळवारी उतरेल असाच सप्लायरला निघायला सांगायचा, मुंबईत सीएचएकडून नवा बर्फ भरून घ्यायचा, आणि एक जण जाऊन डबा रात्रीच्या गाडीने मांडीवर घेऊन यायचा. तिकीट पाचशे-हजाराचं, ट्यूबची किंमत विचारूच नका.

जिवंत सामानाचे नियम वेगळे. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे बियाणं, रोपं, टिश्यू कल्चर, एवढंच काय मातीचा नमुनासुद्धा परमिटशिवाय येत नाही, आणि संशोधनाच्या वाणांचं परमिट दिल्लीच्या एनबीपीजीआरकडून, म्हणजे पिकांच्या वाणांचा साठा सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून, मिळतं. आपल्याकडच्या केळीवाल्यांना यातलं अर्धं आधीच पाठ असतं. रावेर-सावद्याकडून १३-१४ अंशाच्या रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) माल परदेशी पाठवणारा माणूस 'फायटो झालं का' हे चहा पितापिता विचारतो, फायटो म्हणजे पिकाला रोग-कीड नसल्याचं सर्टिफिकेट. उलट्या दिशेने केळीचं रोप आणायचं म्हटलं की सरकार कडक होतं आणि माझ्या मते बरोबरच आहे. टीआर४ नावाची पनामा मरची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, ती एका प्रोजेक्टच्या कुंडीतून तापीकाठी उतरली तर कोणाचा पेपर छापून आला याला काय अर्थ उरतो. जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या कापसाचं बियाणं असेल तर आधी संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, मग आरसीजीएम ही केंद्राची कमिटी. काही केमिकल, जसं ॲसेटिक ॲनहायड्राइड, अंमली पदार्थांच्या कायद्यात येतात, त्यासाठी ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ऑफिसकडे जावं लागतं. रेडिओॲक्टिव्ह असेल तर एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ.

पुस्तकांचं त्या मानाने सोपं, छापील पुस्तकावर आयजीएसटी नाही, पण २०१९ च्या बजेटपासून ५ टक्के ड्युटी आहे.

सवलतीत आणलेलं मशीन बसवल्यापासून ५ वर्षं दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही, म्हणून ते डेड स्टॉक रजिस्टरला (कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीला) वेगळ्या शेऱ्यासह चढवतात. आणि लाकडी पेटीतून येणाऱ्या मशीनच्या बाबतीत पेटीवर गव्हाच्या लोंबीचा छाप पाहिजे, लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीड मारल्याची ती आंतरराष्ट्रीय खूण, ती नसेल तर मशीन बरोबर असूनही पेटीपायी अडकतं. छाप असलेली पेटी मात्र वाया जात नाही. ज्या लॅबचं वर सांगितलं तिच्या दाराशी चपलांचं कपाट आहे, त्याच्या वरच्या फळीवर ती लोंबी अजून स्पष्ट दिसते.