पावलांची मोजणी

शहरात आधी चाकं मोजली गेली, पावलं फार उशिरा. रस्त्यावर आडवी टाकलेली रबरी नळी हे वाहतूक मोजायचं जुनं साधन. चाक गेलं की नळीतली हवा दाबली जाते आणि आकडा पुढे सरकतो. पायी चालणारा तिच्या हिशोबातच नाही. नगररचनाकारांपुढे वर्षानुवर्षं गाड्यांचेच तक्ते आले, मग रस्तेही गाड्यांसाठीच रुंद झाले.

इमारतीपुढे मोकळा चौक सोडणाऱ्याला न्यूयॉर्कने 1961च्या नियमांत जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देऊ केलं. चौक झाले, पण कित्येक ओस पडले. असं का होतं, हे शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970च्या दशकात तपासलं. ठरावीक अंतराने चित्र टिपणारे कॅमेरे उंचावर लावले, सहकाऱ्यांना नकाशे देऊन चौकात बसवलं. कोण कुठे टेकतो, किती वेळ थांबतो, सगळं टिपलं. निघालं काय, तर जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात! हसू येतं खरं. पण 1975मध्ये शहराने चौकांचे नियम बदलले आणि बसायच्या जागेची अट घातली, ती या कामामुळे. भेटलेले ओळखीचे लोक बाजूला न होता ऐन गर्दीच्या वाटेतच गप्पा मारत उभे राहतात, हेही त्याच चित्रणात दिसलं.

ते चित्रण डोळ्यांनी तपासायचं म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं काम. आता संगणक ते करतो. व्हाइट यांचं जुनं चित्रण आणि त्याच जागांचं 2010च्या सुमाराचं चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेने ताडून पाहणारा अभ्यास 2025मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क, बोस्टन आणि फिलाडेल्फियातल्या या जागी तीस वर्षांत लोकांचा चालण्याचा वेग 15 टक्क्यांनी वाढला होता आणि रेंगाळणं 14 टक्क्यांनी घटलं होतं. रेंगाळणं मोजता येतं, हीच मला यातली मोठी गोष्ट वाटते.

मात्र छपरावरचा कॅमेरा अभ्यास संपला की उतरवला जायचा. टोरोंटोच्या कीसाइड भागात गूगलची मालक कंपनी अल्फाबेटच्या साइडवॉक लॅब्जने 2017मध्ये जी वस्ती आखायला घेतली, तिथे सेन्सर कायमचे राहणार होते. सेन्सरच्या माहितीतून माणसांची ओळख जागच्या जागी पुसण्याची अट सगळ्यांवर बंधनकारक नसेल, हे कळल्यावर गोपनीयतेच्या सल्लागार ॲन कव्हुकियन यांनी 2018मध्ये राजीनामा दिला. मे 2020मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. कारण सांगितलं ते आर्थिक अनिश्चिततेचं.