कर्करोग केंद्रातील क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभाग : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

उपचार आणि संशोधन ही दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या कर्करोग केंद्रात रुग्णाला नेहमीचे प्रचलित उपचार मिळतातच, पण त्याच केंद्रात एखादे नवे औषध, नवी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचाराची नवी पद्धत तपासली जात असेल, तर तिच्या क्लिनिकल ट्रायलमध्येही त्याला सहभागी होता येते. या सहभागाची प्रक्रिया नेहमीच्या नोंदणीहून वेगळी असते. बहुतेक ठिकाणी ‘अर्ज’ म्हणावा असा एखादा छापील फॉर्म नसतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे संदर्भपत्र, पूर्वीचे वैद्यकीय दस्तऐवज आणि रुग्णाची लेखी संमती या तिन्हींचा मिळून जो संच होतो, तोच अर्ज.

ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे हे आधी विचारून घ्यावे. पहिल्या टप्प्यात औषधाची सुरक्षित मात्रा शोधली जाते, दुसऱ्यात विशिष्ट प्रकारच्या कर्करोगावर त्याचा परिणाम होतो का हे पाहिले जाते, आणि तिसऱ्यात त्या उपचाराची प्रचलित उपचाराशी थेट तुलना होते. तिसऱ्या टप्प्यात कोणाला कोणता उपचार मिळणार हे सहसा संगणकाद्वारे यादृच्छिक पद्धतीने ठरते. ते डॉक्टरांच्या हाती नसते आणि रुग्णाच्या ओळखीपाळखीच्याही. प्रभावी प्रचलित उपचार उपलब्ध असताना रुग्णाला केवळ औषधविरहित गोळीवर ठेवले जाईल, ही भीती कर्करोगाच्या ट्रायलबाबत बहुतांशी निराधार आहे.

पात्रता कशी ठरते

प्रत्येक ट्रायलचा एक आराखडा असतो आणि त्यात समावेशाचे व वगळण्याचे निकष शब्दशः लिहिलेले असतात. ते संशोधनाच्या प्रश्नावरून बेतलेले असल्यामुळे आजार अधिक गंभीर म्हणून संधी अधिक, असा हिशेब येथे चालत नाही. किंबहुना अनेकदा उलटच घडते.

रुग्णाच्या सर्वसाधारण क्षमतेसाठी ईकॉग श्रेणी वापरली जाते. पूर्वीसारखी सर्व कामे करू शकणाऱ्याची श्रेणी ०. कष्टाची कामे जमत नाहीत, पण चालणे-फिरणे आणि हलके काम जमते त्याची १. स्वतःचे आवरता येते, पण कामधंदा करता येत नाही आणि जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणाबाहेर जातो त्याची २. जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जात असेल, तर ३. आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्याची ४. बऱ्याच ट्रायल ० आणि १ पर्यंतच थांबतात, काही २ स्वीकारतात. डॉक्टर सहज गप्पा मारल्यासारखे “दुपारी किती वेळ पडून राहता?” असे विचारतात, तेव्हा ते बहुधा हीच श्रेणी ठरवत असतात. त्यामुळे उत्तर नातेवाइकांनी सजवून देऊ नये. वाढवून सांगितलेली क्षमता पुढे रुग्णालाच बाधते.

याखेरीज रक्तपेशींची संख्या, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, हृदयाची स्थिती आणि याआधी किती प्रकारचे उपचार झाले, हे पाहिले जाते. गाठ किती आक्रसली हे मोजायचे असेल, तर ती मोजण्याजोगी असावी लागते : रेसिस्ट १.१ या प्रचलित नियमावलीनुसार सीटी स्कॅनमध्ये गाठीचा सर्वांत लांब व्यास किमान १० मिलिमीटर, आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) असेल तर आखूड व्यास किमान १५ मिलिमीटर. गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रियांची गर्भचाचणी होते आणि ट्रायलच्या काळात गर्भनिरोधनाची अट असते. अनेक ट्रायलमध्ये ही अट पुरुषांनाही लागू होते.

कागदपत्रे, आणि जे कागद नाही ते

छायाचित्र असलेले ओळखपत्र, संदर्भपत्र, पॅथॉलॉजीचे सर्व अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे आणि प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड लागते. केमोथेरपीचा तक्ता स्वतंत्रपणे मागून घ्यावा, कारण शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला यावर बरेच अवलंबून असते. आधीचे औषध शरीरातून निघून जाण्यासाठी ठरावीक अवधी, अनेकदा दोन ते चार आठवडे, सोडावा लागतो. किरणोपचार झाले असल्यास एकूण मात्रा आणि कोणत्या भागावर दिले, याचा सारांश हवा. चालू औषधांच्या यादीत वनौषधी आणि पूरक गोळ्याही लिहाव्यात, कारण त्यांपैकी काही यकृतातील विकरांवर (एन्झाइमांवर) परिणाम करून ट्रायलच्या औषधाची रक्तातील पातळी बदलू शकतात. स्कॅनचा नुसता लेखी अहवाल पुरत नाही. मूळ प्रतिमा असलेली सीडी लागते, कारण केंद्रातील रेडिओलॉजिस्ट गाठी पुन्हा मोजतात.

सर्वाधिक अडते ते ब्लॉकपाशी. बायोप्सीत काढलेला ऊतीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणात बसवला जातो. नखाएवढ्या तुकड्याभोवती मेण असलेली ही लहानशी प्लास्टिकची पेटी म्हणजे पॅराफिन ब्लॉक. अहवाल कितीही तपशीलवार असला, तरी त्यावरून नवी जनुकीय तपासणी करता येत नाही. त्यासाठी ब्लॉक किंवा त्यातून कापलेल्या, न रंगवलेल्या स्लाइड लागतात. ब्लॉक मूळ प्रयोगशाळेत असतो आणि तो मिळवण्यासाठी रुग्णाने किंवा अधिकृत प्रतिनिधीने लेखी मागणी करावी लागते. ही मागणी संदर्भपत्राच्या दिवशीच करावी. नेताना ब्लॉक उष्णतेपासून जपावा आणि त्यावरील क्रमांक अहवालातील क्रमांकाशी जुळतो का, हे प्रयोगशाळेच्या खिडकीवरच पडताळावे. क्रमांक जुळला नाही, तर केंद्र तो नमुना स्वीकारत नाही. ब्लॉकमधील ऊती संपली असेल, तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.

प्रक्रियेचा क्रम

कागदपत्रांची प्राथमिक छाननी सहसा ट्रायलचा समन्वयक करतो. अनेक केंद्रांत शल्यचिकित्सक, औषधोपचार व किरणोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांच्या ट्यूमर बोर्डासमोर प्रकरण मांडले जाते. त्यानंतर संमतिपत्र येते. केवळ ट्रायलसाठी म्हणून करायची कोणतीही तपासणी संमतीच्या सहीआधी करता येत नाही, हा नियम रुग्णानेही लक्षात ठेवावा.

संमतिपत्र नीतिसमितीने, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हक्क व सुरक्षितता जपली जाते का हे पाहणाऱ्या समितीने, मंजूर केलेले असते. ते घरी नेऊन वाचण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याचा हक्क रुग्णाला आहे; जागच्या जागी सही मागितली, तर वेळ मागावा. कोणता खर्च ट्रायल उचलते आणि कोणता रुग्णाकडे राहतो, इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, ही तीन उत्तरे लेखी स्वरूपात शोधावीत. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण चर्चेला हजर असावा लागतो. बालरुग्णांच्या बाबतीत पालकांची परवानगी लागते आणि समजण्याच्या वयातील मुलाची स्वतःची तयारीही विचारली जाते. सही झालेली प्रत रुग्णाकडे राहते.

सहीनंतर छाननी-तपासण्या होतात आणि त्यांना मुदत असते. उदाहरणार्थ, पुढील तुलनेसाठीचा आधारभूत स्कॅन उपचार सुरू होण्यापूर्वीच्या चार आठवड्यांतील असावा लागतो. येथे अपात्र ठरलेल्या रुग्णाने नेमका कोणता निकष अडला, हे विचारून घ्यावे. प्लेटलेट कमी असल्यासारखे तात्पुरते कारण असेल, तर अनेक ट्रायल फेरछाननीला परवानगी देतात. कारण कायमचे असेल, तर दुसऱ्या ट्रायलचे निकष निराळे असू शकतात. दोन्ही परिस्थितींत प्रचलित उपचारांचा हक्क अबाधित राहतो.

सहभागी झाल्यावरही रुग्ण कारण न देता केव्हाही बाहेर पडू शकतो. मात्र औषध परस्पर बंद न करता समन्वयकाला कळवावे, कारण काही औषधे टप्प्याटप्प्याने थांबवावी लागतात. तोपर्यंत गोळा झालेली माहिती सामान्यतः अभ्यासात राहते. साठवलेल्या ऊतीचा व रक्ताचा पुढील वापर थांबवायचा असेल, तर त्यासाठी वेगळे लेखी पत्र द्यावे.