अर्धवाहक तंतू कातताना: पी३एचटी वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
कुपवाड औद्योगिक वसाहत, सांगली

आमच्या इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च व्होल्टेजने द्रावणाची धार ओढून तंतू काढणाऱ्या) यंत्रावर पी३एचटी या अर्धवाहक पॉलिमरचे तंतू कसे काढायचे, ते या पत्रकात दिलं आहे. तंतू नीट येईनात की पहिला हात व्होल्टेजच्या बटणाकडे जातो. कृपया तसं करू नका. दोष बहुतेक वेळा द्रावणात असतो, नाहीतर खोलीतल्या दमटपणात.

द्रावण

पी३एचटीच्या साखळ्या ताठर आणि आखूड असतात, त्या एकमेकींत पुरेशा गुंतत नाहीत. त्यामुळे नुसत्या पी३एचटीची धार तुटते आणि थेंब उडतात. म्हणून जोडीला १० लाख रेणुभाराचं पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड, लांब साखळ्यांचं पॉलिमर) घालायचं. सुरुवातीचं माप असं: क्लोरोफॉर्म ५ मिली, पी३एचटी १२० मिलिग्रॅम, पीईओ ४० मिलिग्रॅम. आधी पी३एचटी घालून, झाकण घट्ट लावून ४५ अंशांवर तासभर ढवळा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, तेव्हा ५० च्या वर जाऊ नका. मग पीईओ चिमटीचिमटीने सोडा आणि रात्रभर अगदी मंद ढवळत ठेवा. जोरात ढवळलं तर पीईओच्या लांब साखळ्या तुटतात आणि घातलेलं पीईओ वाया जातं.

द्रावणाचा पातळ थर उजेडासमोर धरला तर नारिंगी दिसायला हवा. काळपट जांभळी झाक आली म्हणजे पी३एचटीच्या गुठळ्या धरू लागल्या. पुन्हा ४५ अंशांवर गरम करा. मग काचेची कांडी बुडवून उचला. गुऱ्हाळावर पाक बघतात तशी तार सुटली पाहिजे. तार न धरता थेंब टपकला, तर पीईओ ५-५ मिलिग्रॅमने वाढवा.

यंत्रावर

काचेचीच सिरिंज वापरा. प्लास्टिक सिरिंजचा रबरी दट्ट्या क्लोरोफॉर्मने फुगतो आणि अडकतो. २१ गेजची बोथट सुई, प्रवाह तासाला ०.५ ते १ मिली, सुई ते संग्राहक (तंतू जमा होतात तो पत्रा) १५ सेंमी, व्होल्टेज १० ते १५ किलोव्होल्ट. सुईच्या टोकाशी थेंबाचा स्थिर शंकू दिसला की व्होल्टेज तिथेच ठेवा.

टोकावर साय धरून सुई तुंबणं ही नेहमीची तक्रार. क्लोरोफॉर्म फार लवकर उडतो, म्हणून असं होतं. द्रावकात १० टक्के क्लोरोबेन्झिन घेतलं तर फरक पडतो. टोक पुसण्याआधी वीज बंद करा आणि अर्थिंगची कांडी सुईला टेकवा. हे एकदाही चुकवू नका.

तंतूंवर बारीक खळगे दिसले तर ते हवेतल्या पाण्याचे. क्लोरोफॉर्म उडताना तंतू गार पडतो आणि त्यावर दव धरतं. पावसाळ्यात आपल्याकडे हे हमखास होतं; पेटीतली आर्द्रता ४० टक्क्यांखाली आल्याशिवाय सुरुवात करू नका. तंतूंवर मण्यांसारख्या गाठी आल्या तर द्रावण पातळ आहे.

ट्रान्झिस्टरसाठी

तंतू एका दिशेत हवेत, म्हणून सपाट पत्र्याऐवजी १ ते २ सेंमी अंतरावरच्या दोन समांतर धातूपट्ट्या लावा. तंतू पट्ट्यांमधल्या फटीवर आडवे ताणले जातात. ते खालून वेफरवर (ट्रान्झिस्टरच्या पातळ चकतीवर) अलगद उचला. नंतर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये १० मिनिटं बुडवा: पीईओ विरघळतं, पी३एचटी राहतं. ही धुलाई टाळू नका, कारण पीईओ विद्युतरोधक आहे. मग निर्वातात वाळवा.

मोबिलिटी (तंतूतून विद्युतभार किती सहज सरकतो त्याचं माप) काढताना वाहिनीची, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या विद्युतमार्गाची, रुंदी म्हणून इलेक्ट्रोडची पूर्ण रुंदी धरू नका. सूक्ष्मदर्शकाखाली आरपार गेलेले तंतू मोजा आणि त्या संख्येला त्यांच्या सरासरी जाडीने गुणा. नाहीतर चांगला नमुनाही वाईट दिसतो.

पी३एचटीला उजेड आणि ऑक्सिजन एकत्र सोसत नाहीत. ऑफ-करंट (ट्रान्झिस्टर बंद असतानाही वाहणारा प्रवाह) दिवसागणिक चढत असेल तर कारण तेच. नमुने नायट्रोजनमध्ये, अंधारात ठेवा.

काळजी

यंत्र एक्झॉस्ट चालू ठेवूनच वापरा. साधे नायट्राइल हातमोजे क्लोरोफॉर्म फार वेळ अडवत नाहीत; शिंतोडा पडताच बदला. क्लोरोफॉर्मच्या टाकाऊ बाटलीत अ‍ॅसिटोन ओतू नका, त्यात अल्कली असेल तर मिश्रण भडकतं. अ‍ॅसिटोनायट्राइल पेट घेतं, ते उच्च व्होल्टेजच्या पेटीपासून लांब ठेवा.

अडलं तर फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा: द्रावणाचं माप आणि वय, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, प्रवाह, अंतर, व्होल्टेज. सोबत सुईच्या टोकाचा आणि तंतूंचा एकेक फोटो असला की उत्तर लगेच देता येतं.